पाच बेटांचं हळदीकुंकू

चार रात्री, पाच ग्रीक बेटं आणि प्रत्येक बेटावर हातात मोजकेच तास. क्रूझने गेलं तर बेट खरंच ‘बघून’ होतं का? एक एक्सेल शीट, आईचे गुडघे आणि वेंगुर्ल्याचा एक दादा यांच्याकडून मिळालेलं उत्तर...

मी एक्सेल शीट केली होती. हसू नका, तुम्हीही करता! पाच बेटं, पाच टॅब. जहाज कधी लागणार, कधी सुटणार आणि मधल्या प्रत्येक अर्ध्या तासात काय उरकायचं, सगळं रकान्यात. ‘मस्ट सी’ लाल रंगात, ‘वेळ उरला तर’ पिवळ्या. प्रिंटआऊट काढून लॅमिनेशनसुद्धा केलं. ते बघून आई म्हणाली, ‘‘अगं, आपण फिरायला चाललोय की ऑडिटला?’’

आईने बत्तीस वर्षं बँकेत काढली. ऑडिट कशाला म्हणतात हे तिला चांगलं ठाऊक आहे.

२०२५ च्या जूनमध्ये ती रिटायर झाली आणि त्याच महिन्यात डॉक्टरांनी तिच्या दोन्ही गुडघ्यांचे एक्स-रे उजेडात धरून मान हलवली. ऑपरेशनची तारीख दिवाळीनंतरची मिळाली. ‘‘त्याआधी एकदा समुद्रावर जाऊन येऊ,’’ असं आई म्हणाली, तेव्हा मला वाटलं अलिबाग. तिच्या मनात ग्रीस होतं. फ्रीलान्सर लेकीच्या बँक बॅलन्सकडे बघून तिने स्वतःच्या फंडाचे पैसे पुढे केले. माझ्याकडे खातं आलं ते प्लॅनिंगचं. म्हणून ती शीट.

क्रूझ का, तर गुडघ्यांमुळेच. फंडा साधा आहे. बॅग एकदाच उघडायची, कपडे कपाटात लावायचे आणि मग हॉटेलच तुमच्याबरोबर फिरतं. रोज पॅकिंग नाही, स्टेशन नाही, जिने नाहीत. रात्री झोपायचं, सकाळी खिडकीत नवं बेट! अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून निघायचं, मिकोनोस, पात्मोस, ऱ्होड्स, क्रीट, सँतोरिनी करून पाचव्या दिवशी सकाळी परत. मध्ये कुशादासी हे तुर्कस्तानचं बंदरही होतं, पण ते काही बेट नव्हे, म्हणून या लेखातून त्याला सुट्टी.

ब्रोशरमध्ये हे सगळं फार सुंदर दिसतं. एक गोष्ट मात्र त्यात बारीक अक्षरात असते. ती म्हणजे वेळ.

सूप गरम आहे, आधी प्या

मिकोनोस. संध्याकाळी सहाला जहाज लागणार, रात्री अकराला सुटणार. वाचायला पाच तास, पण हिशेब करून बघा. सहाला जहाज लागलं, तरी शिडी लावून, कागदपत्रं होऊन लोक उतरायला लागेपर्यंत वेळ जातो. मग रांग. दारावर तुमचं कार्ड ‘टिंग’ होतं आणि मगच पाय जमिनीला लागतात. मोठी जहाजं लागतात ती तूर्लोसच्या नव्या बंदरात, गाव तिथून दोनेक किलोमीटरवर. त्यासाठी सी-बस, तिची वेगळी रांग. शिवाय सुटण्याच्या अर्धा तास आधी प्रत्येकाने आत असलंच पाहिजे. पाचातले उरले साडेतीन. माझ्या शीटमध्ये मिकोनोसच्या नऊ गोष्टी होत्या.

गाव देखणंच आहे. पांढऱ्याशुभ्र भिंती, निळी दारं, बोगनवेल, आणि गल्ल्या इतक्या वाकड्यातिकड्या की समुद्री चाच्यांना चकवायला मुद्दाम तशा बांधल्या असं सांगतात. चाच्यांचं मला माहीत नाही, पण दोन डोंबिवलीकर बायका तिथे तीनदा त्याच आइस्क्रीमच्या दुकानासमोर आल्या. मी फोनचा नकाशा धरून पुढे, आई भिंतीला हात लावत मागे. ‘‘आई, चल ना, सनसेट जाईल!’’ हे वाक्य मी किती वेळा म्हणाले ते मोजलं नाही. आईने मोजलं होतं.

सनसेट गेलाच. टेकाडावरच्या त्या प्रसिद्ध पवनचक्क्यांपाशी पोचलो तेव्हा आभाळ जांभळं पडलं होतं. एकेकाळी या बेटावरचा वारा पकडून त्या धान्य दळायच्या. आता त्यांच्यासमोर फोटोची रांग लागते. मी आईला उभं केलं, फोटो काढला. नंतर जहाजावर मोठा करून बघितला. आईने एका हाताने गुडघा दाबून धरला होता आणि ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती.

रात्री उशिरा जेवायला बसलो आणि भांडण पेटलं. आपली एक सोय असते ना, परदेशात मराठीत कितीही मोठ्याने भांडा, कोणाला काय कळतंय! मी म्हणत होते, ‘‘एवढे पैसे घालून आलोय तर बघायला नको?’’ आई म्हणत होती, ‘‘मी काय बघितलं सांगू? तुझी पाठ.’’ तेवढ्यात वेटरने दोघींच्या मध्ये सूपाचे बाऊल ठेवले आणि खाली वाकून हळूच म्हणाला,

‘‘काकी, सूप गरम आसा. आधी पिया, मगे भांडा.’’

दोन सेकंद शांतता. मग आईच्या चेहऱ्यावर त्या दिवसातलं पहिलं हसू. ‘‘तुमी खंयचे?’’

‘‘वेंगुर्ल्याचो.’’

‘‘माझा म्हायार कुडाळ!’’

झालं! सूप गार झालं तरी दोघांचं गाव संपेना.

बोटीवरचा पोरगा

कोकणात ‘क्रूझवर नोकरी’ असं कोणी म्हणत नाही. ‘पोरगा बोटीवर आसा’ म्हणतात. कोकण-गोव्याला बोट नवीन नाहीच. गोव्यातल्या गावागावांच्या नावाने मुंबईत धोबीतलाव भागात ‘कूड’ होते, काही अजून आहेत. एका बोटीचं काम संपून दुसरी मिळेपर्यंत गावचे खलाशी तिथे राहायचे. दादा त्याच परंपरेतला, फक्त आता हातात सीडीसी, डोक्यात वाइनची नावं आणि आठ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट.

याच मार्गावरचा त्याचा हा दुसरा सीझन होता. म्हणजे आम्ही ज्या बेटांसाठी आयुष्यात एकदा फंड मोडला, तिथे हा दर आठवड्याला! मी उत्साहाने विचारलं, ‘‘मग सांगा ना दादा, सँतोरिनीत काय बघू?’’

तो हसला. ‘‘ताई, मी सँतोरिनी खालूनच बघितलंय. वर एकदाही गेलो नाही.’’

कारण सरळ आहे. जहाज सँतोरिनीला येतं दुपारी साडेचारच्या सुमारास आणि निघतं रात्री साडेनऊला. बरोब्बर डिनरची शिफ्ट. शिवाय बंदरात असतानाही जहाज कधी पूर्ण रिकामं करत नाहीत. आग लागली, काही झालं तर सांभाळायला ठरावीक क्रू जहाजावर असावाच लागतो. त्याची पाळी लागते, तिला ‘इन पोर्ट मॅनिंग’ म्हणतात. उरलेल्या वेळात माणूस झोपतो, कपडे धुतो आणि घरी फोन करतो.

‘‘तुमका काय हाडू थंयसून?’’ आईने विचारलं. तिथून तुमच्यासाठी काय आणू?

त्याने थोडा विचार केला. ‘‘वर गेलात की आपल्या बोटीचो एक फोटो काढा, काकी. घरची सगळी विचारतत, एवढी मोठी बोट दिसता कशी? मी कायम आतच. लांबसून आखी बोट कधी बघूकच गावली नाय.’’

आईने मान डोलावली. ती जेव्हा अशी मान डोलावते, तेव्हा ते काम झालेलं असतं.

पाच घरं करायची तर...

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पात्मोस. हे लहानसं बेट, चौतीस चौरस किलोमीटरच्या आसपासचं. ख्रिस्ती जगात मात्र त्याचं नाव फार मोठं. बायबलचं शेवटचं पुस्तक संत योहानाला इथल्याच एका गुहेत स्फुरलं अशी श्रद्धा आहे. डोंगरमाथ्यावर त्याच्या नावाचा मठ आहे, १०८८ सालचा. चाच्यांच्या भीतीने बांधलेला, म्हणून लांबून किल्लाच वाटतो. १९९९ पासून मठ, गुहा आणि वरचं गाव, सगळं मिळून जागतिक वारसा यादीत आहे.

बंदरात उतरलो आणि आई एका बाकावर बसली. ‘‘तू जा वर. मी इथेच आहे.’’

अपराधी वाटत होतं, पण शीट हातात होती. टॅक्सीने वर गेले. मठाच्या करड्या भिंती, त्यांना बिलगलेलं पांढरं गाव, खाली चारी बाजूंनी समुद्र. भन्नाट! चाळीसेक फोटो काढले, घड्याळ बघितलं, खाली आले.

आई त्याच बाकावर होती, पण एकटी नव्हती. शेजारी एक काळ्या कपड्यातल्या आजीबाई, समोर जाळं उकलणारा एक म्हातारा कोळी. भाषेचा पत्ता नाही. तरी आईने मला सांगितलं ते असं : त्या आजीबाईंचा मुलगा अथेन्सला असतो, नातवंडं उन्हाळ्यात येतात. आज तारलीसारखी मासळी मिळाली, पण थोडी. तो दोरीवर वाळत घातलेला ऑक्टोपस आधी दगडावर आपटून मऊ करतात. आणि आजींचेही गुडघे दुखतात, त्या ऑलिव्ह तेलाने चोळतात.

‘‘हे सगळं तुला कळलं कसं?’’

‘‘बसले म्हणून कळलं.’’

जहाजाकडे परतताना आईने ते वाक्य टाकलं, ज्याच्यासाठी हा लेख लिहितेय. ‘‘हे बघ, संक्रांतीला हळदीकुंकवाला आपल्याला पाच घरं करायची असतात. पाचही घरी जेवायला बसायचं म्हटलं तर जमेल का? नाही. पण म्हणून उंबऱ्यातूनच वाण घेऊन पळायचं का? प्रत्येक घरी दहा मिनिटं नीट टेकायचं, विचारपूस करायची, एक तिळगूळ खायचा आणि उठायचं. त्या बाईला वाटलं पाहिजे, कोणीतरी आलं होतं.’’

त्या रात्री मी लॅमिनेट केलेली शीट कपाटात ठेवली. नवा नियम ठरला : एक बेट, एक गोष्ट. बाकी नशीब.

गोट्यांचा रस्ता आणि एक चौक

तिसरा दिवस, ऱ्होड्स. इथे जवळजवळ अख्खा दिवस हातात, आणि बंदर तटबंदीला इतकं लागून की जहाजातून उतरून चालत जुन्या शहरात शिरता येतं. १३०९ ते १५२२ या काळात इथे सेंट जॉनच्या सरदारांचं राज्य होतं. त्यांनी बांधलेलं शहर आजही वापरात आहे. दगडी ‘सरदारांच्या रस्त्या’वर वेगवेगळ्या भाषांच्या सरदारांची वेगवेगळी वसतिगृहं होती. फ्रान्सची एक, इटलीची एक, स्पेनची एक. आई म्हणाली, ‘‘म्हणजे आपल्या मुंबईतल्या ज्ञातीच्या वाड्यांसारखंच की!’’

जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक, तो प्रचंड कांस्यपुतळा इथलाच. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातल्या भूकंपात तो कोसळला. त्यामुळे तो बघण्याचा प्रश्नच नव्हता, तेवढा वेळ वाचला!

इथल्या रस्त्यांवर समुद्रातले गोटे उभे रोवलेले असतात. दिसायला सुंदर, गुडघ्यांना शिक्षा. म्हणून आम्ही सावकाश, टेकत टेकत गेलो आणि माझ्या शीटमध्ये अजिबात नसलेल्या एका चौकात पोचलो. मध्ये समुद्रघोड्यांचं कारंजं, भोवती कॅफे, झाडं. आई सावलीत बसली. शेजारच्या काळ्या दगडावर काहीतरी कोरलेलं होतं. सहज वाचायला गेले आणि थांबले.

हा ज्यूंच्या स्मृतीचा चौक. या भागात शतकानुशतकं ज्यूंची वस्ती होती. जवळच १५७७ सालचं सिनेगॉग आहे. जुलै १९४४ मध्ये नाझींनी या बेटावरच्या १६०० हून अधिक ज्यूंना बोटींत भरलं. आधी समुद्रमार्गे पिरेअसला, तिथून रेल्वेच्या डब्यांतून आउशविट्झला. परत आलेल्यांची संख्या फारच थोडी.

पिरेअस. जिथून आम्ही वेलकम ड्रिंक घेऊन निघालो होतो, तेच बंदर.

आम्ही तिथे अर्धा तास बसलो. काही बोललो नाही. सहलीत असल्या गोष्टी कशाला, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं असतं. पण बेट म्हणजे फक्त निळं पाणी नसतं. तिथून कोणीतरी गेलेलं असतं, कोणाला तरी नेलेलं असतं. पळत गेलो असतो तर हा चौक म्हणजे आम्हाला फक्त ‘कॉफी, टॉयलेट, पाच मिनिटं’ वाटला असता.

रांजण

चौथ्या दिवशी सकाळी क्रीट, हेराक्लिओन बंदर. बारापर्यंत परत. एक गोष्ट कुठली यावर मतदान झालं आणि क्नोसोसचा राजवाडा जिंकला. शहरापासून अवघा पाचेक किलोमीटर. सकाळी लवकर टॅक्सीने गेलो. सल्ला मोलाचा आहे, कारण दहाच्या सुमाराला तिथे सगळ्या जहाजांच्या बसेस एकदम उतरतात.

हा मिनोअन संस्कृतीचा राजवाडा साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीचा. आर्थर इव्हान्स या इंग्रज पुरातत्त्वज्ञाने १९०० साली इथे मोठं उत्खनन सुरू केलं आणि नंतर राजवाड्याचे काही भाग चक्क काँक्रीटमध्ये उभे केले. ते प्रसिद्ध लाल खांब त्याचेच. ‘‘यातलं खरं किती आणि नवं किती?’’ आईचा प्रश्न. अहो, विद्वानांची शंभर वर्षं याच प्रश्नावर खर्च झाली आहेत! जुलै २०२५ मध्ये क्नोसोस आणि क्रीटवरची आणखी पाच मिनोअन केंद्रं जागतिक वारसा यादीत आली.

आईला मात्र खांबांत रस नव्हता. ती थांबली कोठाराजवळ. तिथे माणसाएवढे उंच मातीचे रांजण ओळीने उभे आहेत. तेल, धान्य, वाइन साठवायचे. ‘‘कुडाळच्या घरी माळ्यावर भाताची कणगी होती,’’ ती म्हणाली. ‘‘चार हजार वर्षांपूर्वीच्या बाईलाही पावसाळ्याआधी हीच काळजी असणार, पुरेल ना?’’

साडेदहाला आम्ही बंदराकडे परत. इतिहासात पहिल्यांदाच माझ्याकडे तासभर उरला होता!

पडावात उडी

आणि मग सँतोरिनी. हिचं प्रकरण वेगळंच आहे.

सुमारे ३६०० वर्षांपूर्वी इथे ज्वालामुखीचा महास्फोट झाला. डोंगराचा मधला भाग खाली बसला, समुद्र आत शिरला आणि उरली कड्यांची एक कड. जहाज शिरतं ते त्या ज्वालामुखीच्या तोंडातच. समोर दोनशे-तीनशे मीटरचे काळे-तांबडे उभे कडे आणि वर साखर सांडल्यासारखी पांढरी घरं. पाणी इतकं खोल की मोठ्या जहाजाला लागायला धक्काच नाही. जहाज मध्येच उभं राहतं आणि स्थानिक लहान बोटी प्रवाशांना जुन्या बंदरापर्यंत नेतात. याला ‘टेंडरिंग’ म्हणतात.

लहान बोट वरखाली होत होती. पुढचे लोक कचरत होते, कोणी ओरडत होतं. मला टेन्शन आईच्या गुडघ्यांचं. आणि आईने काय करावं? खलाशाचा हात कोपराजवळ धरला, लाट वर येईपर्यंत थांबली आणि नेमक्या क्षणी पाऊल टाकलं. खलाशी बघतच राहिला.

‘‘लहानपणी मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून वेंगुर्ल्याच्या बोटीने जायचो,’’ ती बसत म्हणाली. ‘‘बोट लांब उभी राहायची. मग पडावात उतरायचं. माझे आजोबा सांगायचे, लाटेला खाली जाऊ दे, ती वर आली की मग ये.’’

पन्नास वर्षांपूर्वीचा क्लास, एजियन समुद्रात कामाला आला.

जुन्या बंदरावरून वर फिराला जायचे तीन मार्ग. ५८८ पायऱ्या, खेचर किंवा केबल कार. खेचरवाल्याने आईला आग्रह केला. २०१८ मध्ये ग्रीसने नियम केला की या जनावरांवर १०० किलो किंवा त्यांच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त ओझं लादायचं नाही. आईला नियम माहीत नव्हता. ती एवढंच म्हणाली, ‘‘नको बाबा, त्यालाही गुडघे असतील.’’ केबल कारने तीन-चार मिनिटांत वर.

वर गर्दी म्हणजे कशी? सहा बावीसची कर्जत फास्ट, पण सगळ्यांच्या हातात सेल्फी स्टिक. या बेटाची वस्ती साडेपंधरा हजारांच्या आसपास. २०२३ मध्ये इथे सुमारे ३४ लाख पर्यटक येऊन गेले. तीन-चार मोठी जहाजं एकाच दुपारी आली की गल्ल्या तुंबतात, पाणी, कचरा, बसेस, सगळ्यावर ताण. म्हणून २०२५ पासून क्रूझ प्रवाशांसाठी दिवसाला ८००० ची मर्यादा ठेवली गेली आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून प्रवाशामागे शुल्क सुरू झालं. जून ते सप्टेंबरच्या सीझनमध्ये सँतोरिनी आणि मिकोनोस बंदरांसाठी माणशी २० युरो. मला आधी राग आला होता. वर येऊन ती गर्दी बघितली आणि राग गेला. त्या ८००० मध्ये दोन आम्हीही होतो ना!

सगळे ईयाच्या सनसेटसाठी बसकडे धावत होते. माझे पाय आपोआप वळले. आईने हात धरला. ‘‘फोटो उजेडात काढायचाय.’’

म्हणून आम्ही फिराच्या कड्यावरच एक कठडा शोधला. खाली तीन जहाजं उभी होती. आपलं मधलं. ज्यात चार दिवस लिफ्ट शोधताना मी हरवत होते, ते अकरा मजली धूड वरून साबणाच्या वडीएवढं दिसत होतं. मी फोटो काढला. आई म्हणाली, ‘‘आणखी एक. समोरून. आणि कडा पण येऊ दे, म्हणजे घरच्यांना कळेल कुठे आहे.’’ अकरा फोटो झाले. माझ्या शीटमध्ये नसलेलं हे एकच काम आम्ही या प्रवासात मन लावून केलं.

मग तिथेच बसलो. शेजारच्या दुकानदारीणबाई खुर्ची देऊन गेल्या. गप्पा निघाल्या फेब्रुवारी २०२५ च्या. तेव्हा इथे दिवस-रात्र हजारो लहानमोठे धक्के बसत होते आणि ११ हजारांहून जास्त माणसं बेट सोडून गेली होती. त्याही मुलांना घेऊन पिरेअसला गेल्या, धक्के थांबल्यावर परतल्या. १९५६ च्या भूकंपात इथे ५३ माणसं गेली. त्याच्या गोष्टी त्यांनी आजीकडून ऐकलेल्या. आणि त्याच्याही साडेतीन हजार वर्षं आधी, अक्रोतिरीच्या लोकांनीही असंच केलं असावं. राखेखाली गाडलेलं त्यांचं अख्खं शहर सापडलं, पण माणसांचे सांगाडे सापडले नाहीत. म्हणजे ते वेळेत निघाले होते. बोटीनेच.

सूर्य कधी बुडाला ते नीटसं कळलंच नाही.

केबल कारची परतीची रांग साडेसातला गल्लीच्या वळणापर्यंत होती. शेवटची टेंडर नऊला. रांग हलेना तेव्हा माझ्या पोटात गोळा. पायऱ्या उतरणं आईला शक्य नव्हतं. आईने पर्समधून चिक्कीचं पाकीट काढलं, मागच्यापुढच्यांना वाटलं आणि म्हणाली, ‘‘आपण लवकर उभे राहिलोय. ईयाला गेलेले अजून यायचेत.’’ पावणेनऊला खाली पोचलो. शेवटच्या टेंडरच्या आधीच्या टेंडरमध्ये!

तिसरी खिडकी

डायनिंग हॉल रिकामा होत आला होता. दादा टेबलं आवरत होता. आईने काही न बोलता फोन त्याच्यापुढे धरला.

तो बराच वेळ बघत राहिला. मग दोन बोटांनी फोटो मोठा केला. डेक, लाइफबोटी, आणखी खाली, खिडक्यांची ओळ. एका ठिपक्यावर बोट ठेवलं.

‘‘ह्या बघा, काकी. ही तिसरी खिडकी. हंय मी आसंय.’’

सगळे अकरा फोटो त्याला पाठवले. त्यातला एक त्याने तिथेच उभ्याने पुढे पाठवला. वेंगुर्ल्यात तेव्हा मध्यरात्र झाली असणार. तरी दोन निळ्या टिका लगेच आल्या.

जाताय? मग हे लक्षात ठेवा

बंदराच्या वेळेतून दीड तास आधीच वजा करा. उरलेल्या वेळात एकच मोठी गोष्ट ठरवा.

‘टेंडर पोर्ट’ कुठलं ते बुकिंगलाच विचारा. वारा वाढला तर अशी बंदरं ऐनवेळी रद्द होतात. जुलै-ऑगस्टमध्ये एजियनमध्ये ‘मेल्तेमी’ नावाचा वारा जोरात असतो.

घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा. उशीर झाला तर जहाज तुमच्यासाठी थांबेलच असं नाही. पासपोर्टची एक प्रत आणि थोडे युरो कायम जवळ.

मार्गात तुर्कस्तान असेल तर शेंगेन व्हिसा ‘मल्टिपल एंट्री’ मागा. तुर्कस्तानच्या नियमांची चौकशी वेगळी करा.

अथेन्स विमानतळावरून पिरेअसला २०२२ पासून थेट मेट्रो आहे. टॅक्सीचे पैसे वाचवा.

सँतोरिनीत परतीच्या रांगेत सगळ्यांच्या आधी उभे राहा. चिक्की न्या.

आणि जेवताना मराठीत भांडू नका. कोणीतरी ऐकत असतं!